वाकळेचा टाका सारखा कसा यावा: हातशिलाई शिकणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर आणि गावोगावच्या ओढ्यांवर अंथरुणे-पांघरुणे धुण्याची एकच घाई उडते, आणि त्या दिवसांत कठड्यांवर, गच्च्यांवर, कुंपणांवर वाळत घातलेल्या वाकळा, म्हणजे जुन्या कापडांचे थर हाताने शिवून केलेल्या गोधड्या, पाहत चालले की हाताच्या टाक्याची पारख आपोआप होऊ लागते. काही वाकळा वर्षानुवर्षे धुऊनही सपाट राहिलेल्या असतात, तर काहींच्या आतली कापडे सरकून एका कोपऱ्यात गोळा झालेली असतात. कापड दोन्हींचे सारखेच जुने असते. फरक टाक्याचा असतो. तो किती बारीक आहे यापेक्षा ओळीभर किती सारखा पडला आहे, यावर वाकळेचे आयुष्य ठरते.

याचे कारण साधे आहे. एखादाच टाका लांब पडला तर तो पायातल्या जोडव्यात किंवा तान्ह्या मुलाच्या बोटात अडकतो आणि तुटतो. तो तुटला की त्या जागेचे थर मोकळे होतात आणि त्यांची ओढ शेजारच्या टाक्यांवर येते. उलट एखादा टाका आवळला गेला तर दर धुण्याला दोरा कापडाला तिथेच कातरत राहतो. सारख्या लांबीच्या आणि सारख्या ओढीच्या टाक्यांमध्ये हा भार ओळभर वाटला जातो. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सीमेपलीकडची कर्नाटकातली कौदी आणि आपली वाकळ या सगळ्यांच्या मुळाशी हाच एक धावदोरा, म्हणजे कापडातून वर-खाली जाणारा साधा सरळ टाका, आहे.

शिकण्यासाठी थेट मोठी वाकळ अंथरू नये. आधी ३० सेंटीमीटरचा एक चौकोनी नमुना आणि मग ९० सेंटीमीटर लांबी-रुंदीचे बाळाचे दुपटे, असा क्रम ठेवावा. दुपट्यात दोन-दोन सेंटीमीटरवर ओळी घातल्या तर सुमारे ४० मीटर शिवण होते, आणि इंचाला ५ टाके धरले तर जवळजवळ ८,००० टाके पडतात. हात बसायला एवढे काम पुरते आणि ते मांडीवर मावतेही.

कापडाची निवड आणि तयारी

उत्तम कापड म्हणजे वापरून मऊ झालेली सुती साडी किंवा लुगडे. अनेक धुण्यांनी त्यातला ताठपणा गेलेला असतो, ते आणखी फारसे आटत नाही आणि सुई त्यातून अडखळल्याशिवाय जाते. कृत्रिम धाग्याच्या साड्या टिकाऊ असल्या तरी शिकताना वापरू नयेत, कारण थर एकमेकांवरून घसरत राहतात आणि आपला हात चुकला की कापड सरकले हे नवशिक्याला कळत नाही. जुने कापड निवडताना ते उजेडासमोर धरावे आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये पकडून हलके ताणावे. ताणताना विरत असेल तर ते वरच्या थराला घेऊ नये. मधल्या थरात असे कापड बिनदिक्कत चालते. काठ मात्र आधी उतरवून बाजूला ठेवावेत. काठाची वीण दाट असते, सुई तिथे अडते आणि नेमका तिथलाच टाका वाकडा पडतो.

घरात जुनी सुती साडी नसेल तर महाद्वार रोडवर किंवा गांधीनगरच्या कापडपेठेत साधी मलमल, मांजरपाट किंवा पॉपलीन मीटरवर मिळते. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून या जिल्ह्यात सुती कापडाची सहसा वाण पडलेली नाही. परंतु मागावरच्या कोऱ्या कापडाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. इचलकरंजीकर यालाच सायझिंग म्हणतात. ही खळ निघून जाईपर्यंत कापड ताठ राहते, सुईला विरोध करते आणि शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात आटून सगळ्या ओळींना चुण्या पाडते. म्हणून कोरे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात साबणाने धुवावे आणि वाळवून इस्त्री करावी. मांजरपाटाला असे दोनदा केलेले बरे. लाल, गडद निळे आणि काळे कापड वेगळे भिजवून त्यावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दुपट्यात घेऊ नये.

तुकडे कात्रीने कापण्याऐवजी शक्य तिथे फाडून घ्यावेत. फाडलेली कड बरोबर धाग्याच्या रेषेत येते आणि सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवता येतात. तिरके कापलेले कापड ताणले जाते, आणि ताणल्या जाणाऱ्या कापडावर कितीही जपून घातलेले टाके नंतर लहान-मोठे दिसतात.

सुई, दोरा, अंगुस्तान

आपल्याकडे वाकळेला लांब सुई घेण्याची पद्धत आहे, कारण सरावलेली बाई एका दमात आठ-दहा टाके सुईवर चढवते. शिकणाऱ्याने मात्र आखूड सुई घ्यावी. आखूड सुई वाकत नाही आणि तिचे टोक बोटाच्या सांगण्यात राहते. या सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक आणि आखूड होत जाते. ८ किंवा ९ नंबरची सुई सुरुवातीला योग्य असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सुयांना लवकर गंज चढतो. गंजलेली सुई कापडात अडकते आणि डागही सोडते, म्हणून सुया कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात आणि खरखरीत झालेली सुई मोह न ठेवता टाकून द्यावी.

सुती कापडाला सुतीच दोरा वापरावा, आणि तो मशीनच्या दोऱ्यापेक्षा थोडा जाड असावा. मशीनचा बारीक दोरा दुहेरी करून वापरण्याची सवय घरोघर आढळते, पण दुहेरी दोऱ्यातला एक पदर ढिला आणि एक घट्ट राहतो, आणि टाका सारखा असूनही ओबडधोबड दिसतो. जाड दोरा एकेरीच घ्यावा, मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढावा आणि बोटांत धरून दोन-तीनदा सुतावा. मेणामुळे दोरा पिळत नाही आणि गाठी कमी पडतात. दोऱ्याची लांबी नमुन्यासाठी हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, आणि दुपट्यासाठी फार तर दीड हात ठेवावी. लांब दोरा पुनःपुन्हा कापडातून गेल्याने त्याचे तंतू सुटतात, आणि ओळीच्या सुरुवातीचे टाके भरीव तर शेवटचे केसाळ दिसतात.

अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलण्यासाठी बोटावर घालायची टोपी, उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालावे. पहिले दोन दिवस ते परके वाटते आणि काढून ठेवावेसे वाटते. तसे करू नये. सुई बोटांच्या चिमटीने पुढे ढकलली तर दर टाक्याला पकड बदलावी लागते, आणि पकड बदलली की टाक्याची लांबी बदलते.

टाचण

टाचण म्हणजे शिवण्याआधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवणे. या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. भाचीच्या बारशाला दुपटे वेळेत व्हावे म्हणून एकदा मी टाचण न करता, नुसत्या चार टाचण्या लावून कडेपासून शिवायला बसले. टाके उत्तम पडत होते. पण मध्यापर्यंत पोचेपर्यंत वरच्या कापडाचा सगळा सैलपणा तिथे जमून तळहाताएवढा झोळ पडला, आणि तो काढायला सगळे दुपटे उसवण्याखेरीज मार्ग उरला नाही. तेव्हापासून टाचणाला एक अख्खी दुपार देते.

स्वच्छ, कोरड्या फरशीवर अस्तर उलटी बाजू वर करून अंथरावे. चारही कडांवर चिकटपट्टी लावावी किंवा वरवंटा, भरलेले डबे असे वजन ठेवावे. कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणून अंथरलेले कापड सोडल्यावर आखडते. त्यावर मधला थर आणि मग वरचे कापड ठेवावे. प्रत्येक थर ठेवताना तळहात मध्यापासून कडेकडे फिरवत हवा आणि सुरकुत्या बाहेर काढाव्यात. दुपट्याला तीन थर पुरे होतात. मोठ्या वाकळेला चार-पाच थर घालतात, पण शिकणाऱ्याच्या हाताला ते झेपत नाहीत.

यानंतर वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाच्या दोऱ्याने मध्यापासून चारही बाजूंना अधिकाच्या चिन्हासारखे दोन-दोन बोटे लांबीचे कच्चे टाके घालावेत आणि मग त्या रेषांना समांतर, चार-चार बोटांच्या अंतराने साऱ्या कापडावर जाळी पूर्ण करावी. शेवटी कापड उचलून उलटे करावे आणि अस्तरावर कुठे चुणी पकडली गेली आहे का ते पाहावे. चुणी दिसली तर तेवढा भाग आत्ताच उसवावा.

ओळी आखण्यासाठी शिंप्याचा खडू वापरता येतो. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे लांब पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढणे. सुती कापडावर ही घडी तासभर टिकते, म्हणून एका वेळी दोन-तीनच रेषा ओढाव्यात.

टाका

आता मुख्य काम. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा अशा रीतीने बसावे आणि कापडाचा भार मांडीवर किंवा पाटावर राहू द्यावा. खाली लोंबणारे कापड टाक्याला ओढते. लाकडी रिंग लावायची असेल तर कापड ढोलकीसारखे ताणू नये. खालून बोटाने दाबल्यावर ते वर उचलले जाईल इतकी ढील त्यात असावी, नाहीतर सुई हलवताच येणार नाही.

दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारावी. ओळ जिथून सुरू करायची त्याच्या इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या कापडातून आत घालावी, थरांच्या मधून नेऊन आरंभबिंदूवर बाहेर काढावी आणि दोरा हलका हिसकावा. गाठ टप्प असा आवाज करून आत शिरते आणि वरही दिसत नाही, खालीही नाही.

उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजवीकडून डावीकडे जावे. डावखुऱ्याने याच्या उलट. सुईचे टोक रेषेवर उभे टेकवावे, मग चिमूट सोडून नेढ्याची बाजू अंगुस्तानाच्या खळगीत बसवावी. डाव्या हाताचे मधले बोट कापडाखाली बरोबर त्या जागी असावे. सुई सरळ खाली दाबावी. टोक खालच्या बोटाला जेमतेम जाणवले की तत्क्षणी तीन हालचाली एकदम होतात: खालचे बोट कापडाला वर ढकलते, अंगुस्तान सुईला आडवे पाडते आणि उजवा अंगठा सुईच्या पुढचे कापड दाबून धरतो. त्या दाबात कापडाची लहानशी वरंबी तयार होते आणि सुईचे टोक तिच्यातून वर येते. टोक तांदळाच्या कणीएवढे दिसले की सुई पुन्हा उभी करावी आणि पुढचा टाका घ्यावा. हीच डोलती हालचाल दोन-तीनदा करून मगच सुई ओढून घ्यावी. सुरुवातीला सुईवर दोनच टाके चढवावेत. आठवड्याने तीन, मग चार.

इथे सर्वाधिक चूक होते ती सुईच्या कलण्यात. सुई तिरकी खाली गेली की वरचा टाका लांब आणि खालचा अगदी टिपक्याएवढा येतो, आणि तीन थर असतील तर कित्येकदा अस्तर पकडलेच जात नाही. सुई सरळ खाली गेली तरच दोन्ही बाजूंना टाका सारखा दिसतो. म्हणून दर ओळीनंतर कापड उलटून पाहावे. वरची बाजू आपल्याला खूश करते. आपला हात कुठे आहे हे अस्तर सांगते.

टाक्याची लांबी डोळ्यांनी मोजण्याचा प्रयत्न शिकणारे सगळेच करतात. त्याने हात थांबत थांबत चालतो आणि प्रत्येक टाका नव्याने ठरवला जातो. आमच्या आत्ती दिव्याच्या उजेडात वाकळ शिवायच्या, आणि त्यांचे म्हणणे असे की टाका खालच्या बोटाला कळला पाहिजे. मला ते फार उशिरा उमगले. टोक बोटाला जाणवणे आणि कापड वर ढकलणे यांमधला वेळ जेव्हा ठरावीक होतो, तेव्हा टाका आपोआप ठरावीक होतो. बोटाला टोचते, हे खरे. टोकाचा स्पर्श होताच सुई वळवायची असते, आत रुतू द्यायची नसते. ही सवय होईपर्यंत त्या बोटावर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा घालावा. जाड आवरण घालू नये, कारण स्पर्शच हरवतो.

सरावासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन म्हणजे बारीक चौकडीची जुनी सुती लुंगी. तिचे दोन आणि खाली साध्या कापडाचा एक असे तीन थर टाचून नमुना करावा. पहिल्या चार ओळी चौकडीच्या रेषेवरून घालाव्यात, जेणेकरून टाका आणि मधली जागा यांचे माप रेषांवरून कळेल. पुढच्या चार ओळी त्याच लुंगीवर पण चौकडीच्या मधोमध, रेषेचा आधार न घेता घालाव्यात. मग नमुना उलटा करून साध्या बाजूवर, किंवा पांढऱ्या कापडाच्या दुसऱ्या नमुन्यावर, उरलेल्या ओळी घालाव्यात. रेषांवर फार दिवस रेंगाळू नये. डोळ्याला कुबडी लागते आणि बोट शिकत नाही. रोज अर्धा तास बसले तर दहा-बारा दिवसांत शेवटच्या ओळी पहिल्या ओळींहून स्पष्टपणे वेगळ्या दिसतात.

किती बारीक टाका चांगला, या प्रश्नाचे उत्तर थरांवर अवलंबून आहे. दोन मऊ थरांवर इंचाला ६ ते ७ टाके सहज येतात, तीन थरांवर ५, आणि जुन्या लुगड्यांच्या चार-पाच थरांवर ४ आले तरी ते काम उत्तम समजावे. मोजताना वरच्या बाजूला दिसणारेच टाके मोजावेत. लहान टाक्याच्या मागे लागून लांबी बिघडवण्यापेक्षा इंचाला ४ टाके ओळभर टिकवणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे. तो स्थिर झाला की लहान करणे हे केवळ सरावाचे काम उरते. जपानी साशिकोत तर वरचा टाका मधल्या जागेपेक्षा मुद्दाम मोठा ठेवतात. प्रमाण कोणतेही चालते, ते शेवटपर्यंत एकच राहिले पाहिजे.

दोरा ओढताना तो कापडावर टेकेल आणि टाक्याच्या टोकाशी किंचित खळी पडेल एवढाच ओढावा. दर दहा-पंधरा टाक्यांनंतर ओळीखालून अंगठ्याचे नख फिरवावे आणि दोन्ही हातांनी कापड हलके ताणून सोडावे. आवळलेले टाके यात सैल होतात, आणि सैल न झाल्यास चुणी तिथेच दिसते, पाच ओळींनंतर नाही.

दोरा संपवणे आणि ओळींचा क्रम

चार बोटे दोरा उरला की थांबावे. कापडालगत दोन बारीक उलट्या टिपा घालाव्यात, सुई थरांच्या मधून इंचभर नेऊन बाहेर काढावी आणि दोरा ताणून कापावा, म्हणजे टोक आत ओढले जाते. रोज धुतल्या जाणाऱ्या दुपट्याला आतल्या गाठीपेक्षा उलटी टीप अधिक भरवशाची वाटते.

खेड्यांत वाकळ पुष्कळदा कडेने सुरू करून, चौकोनात चौकोन घेत मध्यावर संपवतात. त्या ओळींची नक्षी फार देखणी दिसते, परंतु टाचण पक्के नसेल तर सारा सैलपणा मध्यावर गोळा होतो. पहिले दुपटे मध्यातून बाहेर शिवावे: आधी मधली ओळ, मग तिच्या एका बाजूची एक, दुसऱ्या बाजूची एक. कडेपर्यंत पोचल्यावर राहिलेला सैलपणा कडेबाहेर निघून जातो. शेजारच्या ओळीतले टाके विटांच्या रचनेप्रमाणे एकाआड एक पडले तर कापडावर लाटेसारखी उठावदार पोत येते. हे पहिल्या दुपट्यात जमेलच असे नाही. टाचणाचे धागे ओळ जवळ आली तसे काढत जावे.

कडेला पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी दुमडून गोट लावावा आणि आतल्या बाजूने हेम घालावी. सुरुवातीला उतरवून ठेवलेले साडीचे काठ इथे कामाला येतात, आणि त्यांच्या दाट विणीमुळे कड लवकर झिजतही नाही.

पहिले धुणे

दुपटे थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि सावलीत सपाट वाळवावे. सुकताना कापड किंचित आखडते, दोरा खळीत बसतो आणि किरकोळ लहान-मोठेपणा झाकला जातो. वाळल्यावर ते खिडकीच्या उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी ओळ न् ओळ पाहावी. जिथे टाका सैल होऊन फासासारखा वर आला असेल किंवा अस्तर सुटलेले दिसेल, तिथे खडूने खूण करावी. त्या जागी जुना दोरा न काढता, खुणेच्या दोन बोटे अलीकडे सुरू करून दोन बोटे पलीकडे संपेल असा नवा धावदोरा जुन्याला लागून घालावा, आणि तो टिकला याची खात्री झाल्यावरच मधला सैल टाका कापून काढावा.